पांढऱ्या जाकिटाचे धुणे

पावसाळा संपता संपता आमचे एक शिक्षक मित्र पिशवीतून एक जाकीट घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या शाळेत तलवारबाजीचा संघ आहे. तलवारबाजी म्हणजे आपल्या मर्दानी खेळांतली ढाल-तलवार नव्हे, तर ऑलिंपिकमध्ये खेळतात ते 'फेन्सिंग'. महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांत हा खेळ आता चांगला रुळला आहे. २०२१ साली टोकियोत झालेल्या ऑलिंपिकमध्ये तमिळनाडूची भवानी देवी उतरली आणि या खेळात ऑलिंपिकपर्यंत पोचलेली ती पहिली भारतीय ठरली. तेव्हापासून मुलामुलींचा ओढा आणखीच वाढला, असे आमचे मित्र सांगत होते.

स्पर्धा आटोपल्यावर सगळ्या जाकिटांना घामाचा वास येऊ लागला, म्हणून त्यांनी ती शाळेतच धुवायला काढली. त्यातल्या एका जाकिटाच्या आत त्यांना पिवळा थर दिसला. घामाचा जुना डाग असावा अशा समजुतीने त्यांनी ते रात्रभर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजत घातले आणि मग उलटे करून दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवले. बाहेरून जाकीट पांढरेशुभ्र झाले. आतला पिवळा रंग मात्र गेला नाही. उलट तो किंचित तपकिरी झाला. मग त्यांचे लक्ष कॉलरच्या आत शिवलेल्या चिठ्ठीकडे गेले. तिच्यावर छोटी चित्रे होती. त्रिकोणावर फुली, म्हणजे ब्लीच नको. इस्तरीवर फुली. यंत्रात गरम हवेने वाळवण्यावरही फुली. शिवाय उन्हात वाळवू नये, अशी सूचना.

मित्रांचा प्रश्न सरळ होता. "पांढऱ्या कपड्याला ब्लीच नको, धुतलेल्या कपड्याला ऊन नको! मग तो धुवायचा तरी कसा? आणि आम्ही जे केले त्याने काही बिघडले का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देता आले असते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना मात्र आम्हांला या कापडाचा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास चाळावा लागला. त्या इतिहासात या कापडाचे काम तीनदा बदलले आहे. आधी त्याने वार दाखवायचा होता, मग वीज वाहून न्यायची होती आणि शेवटी मोडलेले पाते अडवायचे होते. काम बदलले तसे धुण्याचे नियमही बदलले. तोच इतिहास इथे सांगत आहोत.

पांढरा रंग कशासाठी?

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये तारेच्या जाळीचा मुखवटा वापरात आला. ला बोएसिएर या तलवारबाजीच्या शिक्षकाकडे त्याचे श्रेय दिले जाते. चेहरा सुरक्षित झाल्यावर खेळाडू मोकळेपणाने चपळ हालचाली करू लागले. अंगात जाड सुती कापडाचे जाकीट असे आणि पात्याच्या टोकाला बोंड. एवढ्यावर सरावात होणाऱ्या इजा बऱ्याच टळत. द्वंद्वयुद्ध मागे पडत गेले आणि तलवारबाजी खेळ होत गेली.

खेळ म्हटला की गुण आले आणि गुण म्हटले की वाद आले. पात्याचे टोक अंगाला लागून परत येते ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. ते पाहण्यासाठी स्पर्धेत एक प्रमुख पंच आणि त्याच्या मदतीला चार पंच उभे असत. लागले की नाही, कुठे लागले, आधी कोणाचे लागले, हे सगळे डोळ्यांनी ठरवायचे. अशा वेळी खेळाडूचा पोशाख म्हणजे एक प्रकारचा कागदच. त्यावर खूण उमटली तर दिसली पाहिजे, म्हणून तो पांढरा. आजच्या नियमांत इतर रंगांनाही वाव आहे, पण पांढऱ्याची रीत टिकून आहे ती या जुन्या गरजेतून.

या खेळात तीन शस्त्रे असतात : फॉइल, एपी आणि सेबर. त्यांपैकी एपीमध्ये डोक्यापासून पायापर्यंत सारे शरीर लक्ष्य असते. त्यामुळे पंचांची सर्वांत जास्त पंचाईत एपीमध्ये होई. त्यावर पहिला उपाय निघाला तो तीन काट्यांच्या टोकाचा. हे काटे प्रतिस्पर्ध्याच्या कापडात क्षणभर अडकत आणि वार लागल्याचे पंचांना कळे. पण त्यात कापड फाटे आणि कातडीही ओरबाडली जाई. बाह्यांवरच्या फाटक्या जागा पाहून हा एपीचा खेळाडू आहे हे ओळखता येई! पुढे टोक रंगात बुडवण्याची कल्पना निघाली. वार लागला की पांढऱ्या कापडावर ठिपका उमटे. मात्र प्रत्येक लढतीनंतर ठिपके तसेच राहत. नवा ठिपका कोणता आणि जुना कोणता, यावरून पुन्हा वाद होत.

सोडा, फिनॉल्फ्थॅलिन आणि व्हिनेगर

इथे रसायनशास्त्र मदतीला आले, आणि तेही आपल्या शाळेच्या कपाटातले. पोशाख धुण्याच्या सोड्याच्या, म्हणजे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणातून काढून वाळवायचा आणि पात्याचे टोक फिनॉल्फ्थॅलिनच्या रंगहीन द्रावणात बुडवायचे. वार लागला की कापडावर गुलाबी ठिपका उमटतो आणि थोड्या वेळाने आपोआप नाहीसा होतो. म्हणजे दाखवणारा आणि स्वतःच पुसला जाणारा डाग!

हे कसे घडते? फिनॉल्फ्थॅलिन हा दर्शक आहे. सामू सुमारे ८.२ च्या खाली असताना तो रंगहीन असतो. त्याच्या वर गुलाबी छटा दिसू लागते आणि सामू १० च्या आसपास पोचेपर्यंत ती गडद होते. सोड्याचे द्रावण चांगलेच अल्कधर्मी असते, म्हणून दर्शक टेकताच रंग येतो. पुढे ओलसर ठिपक्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळू लागतो, कार्बोनेटचे बायकार्बोनेट होते, सामू खाली येतो आणि रंग विरतो.

आता जो खेळाडू रसायनशास्त्र शिकला असेल, किंवा ज्याला कोणी कानमंत्र दिला असेल, त्याला पळवाट दिसणारच. काही जणांनी सामन्याआधी आपला पोशाख व्हिनेगरमध्ये भिजवायला सुरुवात केली. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाने सोडा उदासीन होतो. मग कितीही वार लागोत, कापड पांढरे ते पांढरेच. ज्या पांढरेपणाची योजना खरे दाखवण्यासाठी होती, तोच पांढरेपणा आता खोटे बोलू लागला.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. जुन्या पांढऱ्या सुती कापडाचे दोन तुकडे घ्या. दोन्ही सोड्याच्या द्रावणात बुडवून वाळवा. मग एक तुकडा व्हिनेगरमध्ये चांगला भिजवून पुन्हा वाळवा. काडीला कापूस गुंडाळून तो फिनॉल्फ्थॅलिनमध्ये बुडवा आणि दोन्ही तुकड्यांवर टेकवा. फिनॉल्फ्थॅलिन नसेल तर हळदीचे पाणी चालेल. भाजी सांडलेल्या सदऱ्यावर साबण लावताच पिवळा डाग लालभडक होतो, हे मुलांनी घरी पाहिलेलेच असते. ते इथे का घडते आणि व्हिनेगरच्या तुकड्यावर का घडत नाही, हे मुलांनाच सांगू द्या. दोन तुकडे नुसते पाहून कोणता कोणता हे ओळखता येते का, तेही विचारा. येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवू या, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

कापडातून वाहणारी वीज

या वादांवर कायमचा उपाय विजेने केला. एपीच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेले बटण आले. ठरावीक जोराने, आजच्या नियमाप्रमाणे ७५० ग्रॅम वजनाहून अधिक दाबाने, टोक टेकले की मंडल पूर्ण होते आणि दिवा लागतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये एपीचे सामने या पद्धतीने झाले. फॉइलला मात्र १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपर्यंत थांबावे लागले आणि सेबरला तर १९९२ च्या बार्सिलोनापर्यंत. (विजेनेही फसवणूक संपली नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथ्लॉनमधला सोव्हिएत खेळाडू बोरिस ओनिश्चेंको बाद झाला, कारण त्याच्या एपीच्या मुठीत छुपी कळ सापडली. टोक न टेकताच तो दिवा लावू शकत होता.)

फॉइल आणि सेबर यांना उशीर का झाला? एपीमध्ये कुठेही टोक लागले तरी गुण मिळतो. फॉइलमध्ये फक्त धड हे लक्ष्य, सेबरमध्ये कमरेच्या वरचा भाग. म्हणजे यंत्राने नुसते 'लागले' एवढे सांगून भागत नाही. 'योग्य जागी लागले का' हेही सांगावे लागते. फॉइलमध्ये हा प्रश्न सोडवला तो जाकिटावर आणखी एक जाकीट चढवून. त्याला 'लामे' म्हणतात. त्याच्या कापडात धातूचे बारीक तंतू विणलेले असतात. ते बरोबर लक्ष्याएवढ्या भागावर बसते. फॉइलचे टोक लामेवर दाबले गेले तर वीज त्यातून वाहते आणि रंगीत दिवा लागतो. टोक दुसरीकडे लागले तर पांढरा दिवा लागतो, म्हणजे वार लागला पण गुण नाही.

आता घामाकडे पाहू. घामात मीठ असते, लॅक्टिक आम्ल असते. धातूचे बारीक तंतू, मीठ, पाणी आणि हवा हे सगळे बंद पिशवीत रात्रभर एकत्र ठेवले, तर गंज चढायला आणखी काय हवे? तांब्याचे तंतू काळे-हिरवे पडतात. गंजाचा थर वीज नीट वाहू देत नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लामेच्या कापडाचा रोध ५ ओहमपेक्षा जास्त असता कामा नये. एखाद्या जागी तो फार वाढला तर ती जागा 'मेलेली' ठरते. तिथे लागलेल्या खऱ्या वाराला पांढरा दिवा लागतो आणि खेळाडूचा हक्काचा गुण जातो.

म्हणून लामे धुवायचे ते घामातले मीठ काढून टाकण्यासाठी. कोमट पाणी, अगदी सौम्य साबण, थोडा वेळ बुडवून हलक्या हाताने खालीवर करायचे आणि भरपूर स्वच्छ पाण्याने खळबळून काढायचे. ब्लीच मुळीच नको, कारण त्यातला क्लोरीन धातूलाही खातो. घासायचे नाही, पिळायचे नाही आणि वाळल्यावर घडी न घालता हँगरवर टांगून ठेवायचे. तार एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, हे मुलांना ठाऊक असते. घडीच्या रेषेवर लामेतल्या तंतूंचे तसेच होते. लामे बरे आहे की नाही हे तपासायला शाळेतला मल्टिमीटर पुरतो. टोकदार सळया थेट कापडावर टेकवण्याऐवजी प्रत्येक सळईखाली एक नाणे ठेवावे, म्हणजे तंतू तुटत नाहीत.

इथपर्यंतची दोन्ही कामे, दाखवणे आणि वाहणे, अशी होती की कापड बिघडले तर ते कधी ना कधी कळत असे. ठिपका उमटत नसे किंवा दिवा चुकीचा लागे. तिसऱ्या कामाचे तसे नाही.

रोम, १९८२

व्लादिमीर स्मिर्नोव हा सोव्हिएत संघाचा फॉइलचा खेळाडू. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता आणि १९८१ चा जगज्जेता. जुलै १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत त्याची लढत पश्चिम जर्मनीच्या मत्थियास बेहर याच्याशी होती. दोघेही एकाच वेळी पुढे झेपावले. बेहरचे पाते मोडले आणि त्याचे तुटके टोक स्मिर्नोवच्या मुखवट्याची जाळी भेदून डोळ्यामागे मेंदूपर्यंत गेले. काही दिवसांनी स्मिर्नोव मरण पावला. तो अवघा २८ वर्षांचा होता. बेहरने कोणताही नियम मोडला नव्हता. त्या काळी सर्रास वापरले जाई तसेच ते पाते होते आणि तशीच ती जाळी.

पाते मोडणे ही या खेळात नवलाची गोष्ट नाही. मग मोडलेले पाते एवढे घातक का? अखंड पाते टोक टेकल्यावर धनुष्यासारखे वाकते आणि बराचसा जोर त्यात मुरतो. शिवाय त्याचे टोक बोथट असते. मोडलेले पाते आखूड, त्यामुळे ताठ, आणि त्याची कड धारदार. समजा, बोथट टोकाचा व्यास ७ मिलिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस मिलिमीटर भरते. तेवढाच जोर २ चौरस मिलिमीटरच्या तुटक्या कडेवर एकवटला, तर दाब जवळजवळ १९ पट होतो. दाबाचा धडा शिकवताना सुई आणि खिळा यांची उदाहरणे आपण देतोच. हे उदाहरण त्यांच्या शेजारी ठेवावे.

रोमच्या दुर्घटनेत अपयश आले ते पाते आणि मुखवटा यांना, जाकिटाला नव्हे. पण त्यानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने साऱ्याच साधनांचा नव्याने विचार केला. पात्यांसाठी मॅरेजिंग पोलाद आले. यात कार्बन अगदी कमी आणि निकेल भरपूर असते. या पोलादात बारीक तडा पडला तरी तो सावकाश वाढतो, त्यामुळे पाते जास्त दिवस टिकते. मुखवट्याची जाळी अधिक बळकट झाली. आणि जाकिटाच्या कापडाला आकड्यांत कसोटी लागली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी ते ८०० न्यूटन बल लावूनही भेदले जाता कामा नये. खालच्या स्तरावरच्या पोशाखांसाठी ३५० न्यूटनची कसोटी आहे. ८०० न्यूटन म्हणजे सुमारे ८० किलो वजनाचा माणूस एका अणकुचीदार खिळ्यावर उभा राहिला असे समजा, आणि तरी कापड फाटायचे नाही. हे साध्या सुती कापडाला जमणारे नव्हते. त्यासाठी नवा धागा हवा होता. तो सुदैवाने तयार होता.

ताकासारखे द्रावण

अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ काम करत होत्या. मोटारीच्या टायरांना बळकटी देणारा हलका धागा त्यांना हवा होता. १९६५ साली त्यांना एक वेगळेच द्रावण मिळाले. बहुवारिकाचे द्रावण म्हटले की ते काकवीसारखे दाट आणि पारदर्शक असायचे. हे मात्र पातळ आणि ताकासारखे गढूळ होते. द्रावण बारीक छिद्रांतून दाबून धागा काढणारे यंत्र होते. ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाने आधी नकारच दिला, कारण गढूळ द्रावणातल्या कणांनी छिद्रे तुंबतील अशी त्याला भीती वाटली. क्वोलेक यांनी त्याचे मन वळवले. निघालेला धागा विलक्षण ताठ आणि बळकट होता. गढूळपणा कचऱ्याचा नव्हताच. लांब, ताठ रेणू एकमेकांशेजारी ओळीने मांडले गेल्यामुळे ते द्रावण तसे दिसत होते. या कामातून पुढे केवलार जन्मले. वजनाला वजन लावून पाहिले तर ते पोलादाच्या पाचपट बळकट भरते.

केवलारचे रेणू म्हणजे बेंझिनची कडी आणि अमाइड गट एकाआड एक ओवलेल्या लांब माळा. शेजारशेजारच्या माळा हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. सगळे बळ आहे ते माळा लांब आणि अखंड असण्यात. शंभर धाग्यांचा दोर घ्या आणि प्रत्येक धागा वेगवेगळ्या ठिकाणी कापा. दोर दुरून तसाच दिसेल, पण पोहरा पेलणार नाही.

आणि केवलारचा नैसर्गिक रंग कोणता? सोनेरी पिवळा! कोरे केवलार मुळातच पिवळे असते. जाकीट बाहेरून पांढरे दिसावे म्हणून हा थर आतल्या बाजूला ठेवतात. आमच्या मित्रांना जो घामाचा डाग वाटला, तो डाग नव्हताच. खेळाडूच्या छातीचे रक्षण करणारा तो मुख्य थर होता.

चिठ्ठीचा अर्थ

आता त्या चिठ्ठीवरच्या फुल्यांकडे वळू.

ब्लीचिंग पावडर पाण्यात हायपोक्लोराइट सोडते. डागातले रंगाचे रेणू ते तोडते, म्हणून डाग जातो. पण कोणता रेणू डागाचा आणि कोणता धाग्याचा, हे त्याला कळत नाही. अमाइड गटातल्या नायट्रोजनवर क्लोरीन जाऊन बसतो आणि मग माळ त्या जागी तुटू लागते. केवलारसारखेच नायलॉनमध्येही अमाइड बंध असतात, म्हणून ब्लीच त्यालाही मारक आहे.

उन्हाचेही तसेच. कपडे कडक उन्हात वाळवावेत, जंतू मरतात, ही आपल्या घरची शिकवण सुती कपड्यांसाठी योग्यच आहे. पण उन्हातले अतिनील किरण केवलार शोषून घेते आणि त्या ऊर्जेने माळा तुटतात. पिवळा रंग तपकिरीकडे झुकणे ही त्याचीच खूण. पांढरा बाहेरचा थर पिवळ्या थराला सावली देत असतो. जाकीट उलटे करून उन्हात टाकले की ती सावलीही जाते.

इस्तरी का नको, याचे उत्तर मात्र दुसऱ्या धाग्यात आहे. केवलार इस्तरीच्या उष्णतेला सहसा दाद देत नाही. पण अलीकडच्या कित्येक पोशाखांत डायनीमा नावाचा धागा असतो. तो पॉलिथिनचा, म्हणजे ज्याच्या पिशव्या होतात त्याच कुळातला. फक्त याचे रेणू फारच लांब आणि एकाच दिशेने ताणून बसवलेले असतात. त्याला ब्लीचचे फारसे भय नाही, पण तो सुमारे १४५ ते १५० अंश सेल्सिअसला वितळतो. सुती कपड्यांसाठी तापवलेली इस्तरी याहून बरीच गरम असते. म्हणजे एका धाग्याचा वैरी क्लोरीन आणि ऊन, दुसऱ्याचा वैरी उष्णता. आत काय आहे हे माहीत नसेल तर चिठ्ठीवरच्या सगळ्याच फुल्या पाळणे शहाणपणाचे.

मग धुवायचे कसे? सराव संपताच जाकीट पिशवीतून काढून टांगावे. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो. ओलसर उबेत जीवाणू वाढतात आणि वास येतो तो त्यांच्यामुळे. धुताना आधी चेन आणि चिकटपट्ट्या बंद कराव्यात, नाहीतर पट्ट्यांचे आकडे कापडाचे धागे ओढतात. पाणी थंड किंवा कोमट, साबण सौम्य. कपडे मऊ करणारी द्रव्ये टाळावीत. ती धाग्यांवर स्निग्ध थर ठेवतात, आणि लामेवर तो थर बसला तर रोध वाढू शकतो. नंतर भरपूर पाण्यात खळबळून सावलीत, वाऱ्यावर वाळवावे.

आणखी एक गोष्ट. मॅरेजिंग पोलाद बळकट असले तरी गंजरोधक नाही. ओल्या जाकिटाला पाते लागून राहिले की कापडावर तांबूस डाग पडतो. हा गंज, म्हणजे लोहाचे ऑक्साइड. तो ब्लीचने जात नाही, कारण ब्लीच ऑक्सिडीकरण करते आणि गंज मुळातच ऑक्सिडीकरण झालेला असतो. तिथे लिंबू उपयोगी पडते. सायट्रिक आम्ल लोहाला विद्राव्य रूपात बांधून घेते आणि डाग पाण्याबरोबर निघून जातो. लिंबू लावल्यावर जागा नीट धुवावी, एवढेच. मुळात पाती आणि कपडे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले तर ही वेळच येत नाही.

मित्रांच्या जाकिटाचे काय?

राहिला मित्रांचा दुसरा प्रश्न. जाकीट बिघडले का?

आम्ही ते उजेडात धरून पाहिले, ताणून पाहिले. कुठे भोक नाही, शिवण उसवलेली नाही, बाहेरून तर ते नव्यासारखे पांढरे. पण सोड्याचा तुकडा आणि व्हिनेगरचा तुकडा पाहून ओळखता येत नाहीत, तसेच हेही. तिथे निदान दर्शकाचा एक थेंब टाकून खरे-खोटे करता येते. इथे ते सोंग उघडे पाडणारा थेंब नाही. मुखवट्याची जाळी स्पर्धेच्या ठिकाणी दाब देऊन तपासतात. जाकिटाची मात्र चिठ्ठी पाहतात, भोके पाहतात आणि आत सोडतात. चिठ्ठीवरचा ८०० हा आकडा कापड तयार झाले त्या दिवसाचा असतो. नंतर ते कशात भिजले आणि किती उन्हात पडले, याची नोंद त्यावर होत नाही. बळ खरोखर किती उरले हे पाहायचे तर कापड यंत्रात घालून भेदावेच लागेल, आणि मग जाकीट उरणार नाही.

एका रात्रीत ते निकामी झाले असे आम्ही म्हणालो नाही, कारण तसे म्हणायला आमच्याकडे मोजमाप नव्हते. पण नेमक्या त्याच कारणाने ते सुरक्षित आहे असेही म्हणता येत नव्हते. मोजता येत नसेल तेव्हा चूक कोणत्या बाजूला झालेली परवडेल, एवढेच आपल्या हाती असते. जाकीट टाकून दिले तर शाळेचे पैसे जातील. वापरले, आणि एखाद्या दिवशी समोरच्याचे पाते मोडले, तर काय जाईल ते रोमने दाखवले आहे.

मित्र थोडा वेळ गप्प राहिले. संघात मुले बारा आणि जाकिटे आठ, त्यातले एक कमी करायचे म्हणजे सोपे नव्हते. शेवटी त्यांनी त्याच्या पाठीवर पक्क्या शाईने 'फक्त पदन्यासासाठी' असे लिहिले. आता ते जाकीट मुले एकट्याने पावले टाकण्याचा सराव करताना घालतात, समोर पाते असताना नाही. उरलेल्या जाकिटांच्या कपाटावर त्यांनी चिठ्ठीवरची चित्रे मोठी काढून लावली आहेत, आणि प्रत्येक फुलीखाली तिचे कारण मुलांकडूनच लिहून घेतले आहे. ब्लीचच्या फुलीखाली एका मुलीने अमाइड बंधाचे सूत्र लिहिले आणि त्याच्याखाली लिहिले : "पिवळा रंग म्हणजे मळ नाही."